ऐकणाऱ्याचा वाटा

१

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा असते. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ, कापसाचं वस्त्र, पुढ्यात पुरणाचे दिवे. नैवेद्य दाखवायच्या आधी कहाणी. ती मनातल्या मनात वाचलेली आमच्या घरात चालत नाही. मोठ्यानं सांगायची. समोर ऐकणारं माणूस बसवायचं, त्याच्या मुठीत अक्षता द्यायच्या आणि त्यानं प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. हुंकार आला नाही तर सांगणारीनं पुढे जायचं नाही. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, सांगतात की व्रताचं अर्धं फळ सांगणारीचं आणि अर्धं ऐकणाऱ्याचं. म्हणून घरातलंच माणूस बसवतात. फळ घरात राहतं.

यंदाचं व्रत माझ्यासाठी होतं. दोनदा माझ्या पोटातलं गेलं आहे, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात. आता पुन्हा चौथाच चालू होता. जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, काळजी करायची नाही, असं मिरजेच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी जमत होत्या.

पलूसच्या बाहेर उसाच्या कडेला आमचं स्लॅबचं घर आहे. त्यातली उत्तरेची खोली सगळ्यात गार, बाळंतिणीसाठी म्हणून राखून ठेवलेली. सध्या तिथे आमच्या ह्यांचं काम चालायचं. हे पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. खोलीत दोन संगणक आणि कमरेएवढं एक लोखंडी कपाट होतं, मोठ्या कचेऱ्यांमधून माहिती साठवायला असतं तसं. कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून कंपनीनं ते जुनंच घेतलं होतं आणि ह्यांच्याकडे पाठवलं होतं. दोन्ही संगणकांतून नारिंगी रंगाच्या काचेच्या तारा निघून त्या कपाटाला मिळायच्या.

काम काय, असं मी विचारलं तेव्हा ह्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. ही तार मुळात सामान ठेवायला आणि काढायला केलेली. तिला बोलणं माहीत नाही. त्यांना तिच्यावरूनच दोन यंत्रांचं आपापसातलं बोलणं न्यायचं होतं, आणि मध्ये जो दुभाषा बसवायचा त्याला म्हणतात ड्रायव्हर. आत्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "ड्रायव्हर करतोय म्हणतोस कवापासनं, गाडी तर दारात दिसंना."

हे हसले. मग मला म्हणाले, "तुझ्या कहाणीसारखंच हाय बघ. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं हं म्हणायचं. हं आलं न्हाई तर पुढं जायचं न्हाई."

कपाटाचे कप्पे सगळे रिकामे होते. ह्यांना साठवण नकोच होती, नुसती वाट हवी होती.

२

पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी दहिवडीहून फोन आला. नणंद स्वप्नाली न्हाणीत घसरून पडली होती, हात मोडला होता, आणि तिचा नवरा मुंबईला. आत्या पहाटेच्या एसटीनं निघाल्या. जाताना मला सांगून गेल्या की ऐकायला इंद्रजितला, म्हणजे ह्यांना, बसव, आणि त्याला म्हणावं डोकं ठिकाणावर ठेवून ऐक.

पण शुक्रवारी दुपारी ह्यांचं काम ऐन रंगात आलेलं. यंत्र सोडून उठता येत नाही म्हणाले. तू देवापुढे बस आणि वाच, मी आतून हं म्हणतो. देवघर मधल्या खोलीत, ह्यांच्या खोलीचं दार तिथेच उघडतं. मी दार अर्धं लोटलं. मुठीत द्यायच्या अक्षता वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवल्या आणि तुमच्या तुम्ही घ्या म्हणाले. मुठीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, हे आता कळतं.

मी वाचायला लागले. आतून पंख्यांची घरघर येत होती. पहिल्या वाक्याला हुंकार आला नाही. मी थांबले. जरा वेळानं आला, बारीक, पण स्पष्ट.

"हं."

पुढे एकही चुकला नाही. ह्यांना मी नऊ वर्षं ओळखते. माझं बोलणं ऐकताना ह्यांचे हुंकार वाक्याच्या मध्येच येतात, कधी दोन एकदम, कधी मी गप्प झाल्यावरसुद्धा. त्या दिवशी मात्र मी वाक्य संपवून श्वास घ्यायला थांबले की 'हं'. जिथे वाक्य संपलं नव्हतं, नुसता स्वल्पविराम होता, तिथे नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बाळासाठी का होईना, माणूस मन लावून ऐकतंय.

कहाणी संपवून हात जोडले आणि फाटक वाजलं. हे अंगणातून आत आले. चपला चिखलानं भरलेल्या, हातात नारळ.

"झाली का वाचून? मी आपला खोलीच्या मागच्या दारानं गेलो सयाजीच्या दुकानात. नैवेद्याला नारळ न्हाई म्हणालेलीस न्हवं."

मी उंबऱ्यावरच्या वाटीकडे पाहिलं. वाटी रिकामी होती.

३

आधी वाटलं, चेष्टा करतायत. मागच्या दारानं जाऊन पुढच्या दारानं यायला कितीसा वेळ लागतो? पण सयाजीचं दुकान चांगलंच लांब आहे आणि नारळ तर हातात होता.

मग दुसरी शंका आली, आणि ती मी काही दिवस कुणाला बोलले नाही. खोलीत फोन चालू राहिला असेल. पलीकडे कुणीतरी असेल. हे दार लोटून हळू आवाजात बोलत बसतात ते मला माहीत होतं, पुण्याच्या माणसांशी म्हणतात. एवढ्याशा हुंकारावरून बाई की पुरुष कसं ओळखणार? हे अंघोळीला गेले की मी खोलीत जाऊन बघायची. काय बघत होते ते मलाही माहीत नव्हतं. कपाटाच्या पाठीमागे हात घातला तर ऊब लागायची, बसून उठलेल्या जागेला असते तशी.

शेवटी विचारलंच. हे चिडतील असं वाटलं होतं, पण खो-खो हसले. म्हणाले, माझ्याशी बोलायला तुला वेळ न्हाई, दुसरी कोण रिकामी बसलीय? आणि मला संशय नको म्हणून पडद्यावर त्या दुपारची नोंद उघडून दाखवली. दाखवता दाखवता त्यांचंच हसू थांबलं.

दुकानात जाताना ह्यांनी दोन्ही तारा कपाटातून काढल्या होत्या. टोकांना धूळ लागू नये म्हणून रबरी टोप्यासुद्धा घातल्या होत्या. त्यांच्या ड्रायव्हरनं त्या वेळात एकही हाक मारलेली नव्हती.

"आपण हाक मारल्याली न्हाई," हे म्हणाले, "आणि उत्तरं तेवढी आल्यात. ओळीनं."

किती वेळ आली, ते मी विचारलं नाही. माझ्या वाचण्याएवढाच वेळ असणार.

मग त्यांनीच समजूत काढली. मागची उत्तरं यंत्राच्या स्मरणात राहून जातात, आपण नीट पुसली नाहीत तर तीच पुन्हा नवी म्हणून मोजली जातात, माझ्याच लिहिण्यातला घोळ आहे. बरोबर असेल. अक्षता चिमण्यांनी नेल्या असतील. आणि तो आवाज पंख्याचा असेल, माझी दशा अशी, उपाशीपोटी बसलेली. एकेक गोष्ट वेगळी घेतली की समजूत पटत होती.

४

मी आत्यांना फोन केला. खरं सांगितलं नाही. आत्या, समजा एखाद्या बाईनं चुकून परक्याला ऐकायला बसवलं, तर काय करायचं असतं, असं आडून विचारलं.

"काय करायचं? पयल्या शुक्रवारी ज्यानं आयकली त्यानंच शेवटच्या शुक्रवारापातुर आयकायची. मदी मोडता येत न्हाई."

"आणि फळ?"

"त्याचं अर्धं त्याला जातंय. उगं का आपण घरातलं माणूस बसवतो? का गं? इंद्रजित बसला हुता न्हवं?"

बसले होते, असं मी म्हणाले. एरवी आत्यांशी मी कधी खोटं बोलत नाही.

फोन ठेवून पोटावर हात ठेवला. अजून काही कळत नव्हतं, नुसतं जरा घट्ट लागायचं. हेच फळ. याचं अर्धं म्हणजे काय, याचा विचार मी तिथेच थांबवला आणि पुरणाची डाळ भिजत घालायची आठवण झाली तशी उठले.

५

दुसऱ्या शुक्रवारी मी ह्यांना हाताला धरून देवापुढे आणून बसवलं. मुठीत अक्षता दिल्या, बोटं मिटवली. खोलीचं दार लावून कडी घातली. यंत्रं ह्यांनी आपणहून बंद केली होती, त्यामुळे घरघरही नव्हती. बाहेर झिमझिम पाऊस आणि दूर उसातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज, बाकी शांत.

वाचायला लागले. ह्यांचा हुंकार नेहमीसारखाच, वाक्याच्या मध्ये. मला हसू आलं. चुकीच्या जागी येणारा तो हुंकार ऐकून इतकं सुख वाटलं की डोळे भरले.

मग वाक्य संपलं, आणि कडी लावलेल्या दारामागून, बरोबर जागेवर, आला.

"हं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनीही ऐकलं होतं. मूठ सैल झाली, अक्षता मांडीवर सांडल्या. आता थांबावं तर व्रत मोडतं, आणि मागच्या दोन्ही वेळी दिवस गेले तेव्हा आम्ही व्रत केलंच नव्हतं. मी वाचत राहिले. ह्यांनी हुंकार भरायचं सोडून दिलं आणि तरी एकही वाक्य रिकामं गेलं नाही. शेवटच्या वाक्याला तर तो जरा उतावीळ आला, पान उलटायच्या आतच.

हात जोडले तसे हे उठले, कडी काढून आत गेले. मी उंबऱ्यापर्यंत गेले.

ह्यांची पाठ माझ्याकडे होती. हातात काचेच्या तारेचं मोकळं टोक होतं, टोपी काढलेलं. या तारेतून आवाज जात नाही, फक्त उजेड जातो, आणि टोकात कधी डोकावायचं नाही, डोळ्याला वाईट, असं ह्यांनीच मला सांगितलेलं. हे डोकावत नव्हते. टोक कानाला लावून उभे होते. मान हळूहळू हलत होती, म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकून घेताना हलते तशी. आणि मग हे, अगदी हळू, हं म्हणाले.

मी हाक मारली. ह्यांनी दचकून तार खाली टाकली.

"उजेड येतोय का बघत हुतो."

"कानानं?"

ह्यांनी टोपी उचलून तारेच्या टोकावर घातली. बंद यंत्रातून उजेड येणार नाही हे मला कळतं, तर ह्यांना कळत नसेल? जेवायला बसल्यावर पुरण ताटात तसंच ठेवून एवढंच म्हणाले, "'मग?' म्हणत हुतं. बारकी पोरं गोष्ट ऐकताना म्हणत्यात बघ. 'मग?'"

६

सोमवारी गावातला दादासो टेंपो घेऊन आला. कपाट पुण्याला परत जाणार होतं. काम जमलं नाही, असं ह्यांनी कंपनीला कळवलं. ते खरं नव्हतं, ड्रायव्हर फारच चांगला जमला होता. बोलणी खावी लागली, नोकरीचंही अवघड दिसायला लागलं, पण ह्यांनी माघार घेतली नाही.

कपाट तिरकं केलं तशा रिकाम्या कप्प्यांतून तांदळाचे दाणे घरंगळत जमिनीवर पडले. कुंकू लावलेले. दादासोला गंमत वाटली. "आत उंदरांनी लगीन लावलं वाटतं, वहिनी," म्हणाला. आम्ही दोघं हसलो. दाणे मी झाडून तुळशीत टाकले. उंदीर असतील. अक्षता उंदीर नेतातच.

खोली मी धुऊन घेतली, गोमूत्र शिंपडलं, खिडक्या उघड्या टाकल्या. तिसऱ्या शुक्रवारी हे समोर बसले. चुकतमाकत हुंकार भरले आणि दारामागून काही आलं नाही. दोनदा मुद्दाम थांबून पाहिलं. नाही. मिरजेला गेलो तर डॉक्टरबाई म्हणाल्या, पाचवा लागला, आता घाबरायचं कारण नाही. येताना स्टेशनच्या बाहेर मी ह्यांच्याकडून गजरा मागून घेतला. इतक्या वर्षांत कधी मागितला नव्हता.

आत्या परत आल्या. दारातूनच माझी दृष्ट काढली आणि शेवटच्या शुक्रवारी ऐकायला आपण बसणार म्हणाल्या. ह्यांनीच बसायला पाहिजे ना, असं मी विचारलं, तर त्या उडवून लावत म्हणाल्या, माय-लेकाचं एकच घर, त्यात परकं कोण हाय?

७

शेवटचा शुक्रवार. आत्यांनी अक्षता मुठीत घेतल्या, पदर डोक्यावर घेतला. त्यांचा हुंकार म्हणजे खणखणीत. निम्मी कहाणी आनंदात झाली. दहिवडीची धावपळ अंगात होती, त्यामुळे पुढे त्यांचा डोळा लागला. मी वाक्य संपवून त्यांची वाट बघत थांबले.

तेव्हा पोटात पहिल्यांदा हललं.

मासोळी फिरल्यासारखं वाटतं म्हणून ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. आतून एकदा, नेमकं, टिचकी मारल्यासारखं. मी हरखून गेले. पुढचं वाक्य वाचलं आणि थांबले, पुन्हा एकदा. स्वल्पविरामाला थांबून पाहिलं, नाही. वाक्य पुरं केलं. टिचकी.

उघड्या दारातून उत्तरेची खोली दिसत होती, धुतलेली, रिकामी. तिथे आता काही नव्हतं.

मी वाचत राहिले कारण थांबायचं धैर्य नव्हतं. एकच वाक्य राहिलं तेव्हा मात्र तोंड मिटलं. ते वाचलं की व्रत पुरं, आणि फळाची वाटणी. पोटात काहीच हलत नव्हतं. ते वाट बघत होतं.

आत्यांना जाग आली. माझा चेहरा पाहून त्या घाबऱ्या झाल्या, घेरी आली म्हणून साखरपाणी करायला स्वयंपाकघरात गेल्या. डबे हलवल्याचा आवाज यायला लागला. मी एकटी होते, आणि मला एकदम स्पष्ट सुचलं. वाटा तर द्यावाच लागणार. ऐकलंय त्यानं, मनापासून ऐकलंय, माझ्या घरातल्या कुणीही ऐकलं नसेल इतकं. त्याला नाही म्हणणं धर्माचं नाही. पण कुठलं अर्धं ते अजून ठरलेलं नव्हतं.

मी पोटावर दोन्ही हात ठेवले आणि हळू म्हणाले, "हे बाळ पुरतं माझं राहू दे. फळात मीही आहे की. तुझं अर्धं माझ्यातलं..."

'घे' म्हणायच्या आत हुंकार आला. खोलीतून नाही, पोटातूनही नाही. माझ्याच गळ्यातून आला, आणि मी तो काढला नव्हता.

"हं."

मी शेवटचं वाक्य वाचलं. जिवतीला हळदीकुंकू वाहिलं. मन इतकं हलकं झालं होतं की पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

आता आठवा महिना आहे. बाळ मासोळीसारखं फिरतं, कधीही, कसंही, मी वाचत असले तरी आणि नसले तरी. डॉक्टरबाई म्हणतात, सगळं उत्तम आहे. ह्यांना दुसरं काम लागलंय. उत्तरेच्या खोलीत बाज टाकलीय, झोळीला कडी ठोकून घेतलीय. बाळ सुखरूप येणार, याची मला आता मुळीच शंका उरलेली नाही.

आज दुपारी तिथेच पडले होते. आत्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "संयोगिता, जागी हायस का गं?"

मी ओ द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या आवाजात उत्तर गेलं. मग आत्यांनी काहीतरी विचारलं, त्याचंही गेलं. मग दोघी हसल्या.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.